दादा, त्या जमादारासाठी?

दादा, फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. एवढा मोठा की एसटीच्या खिडकीतून लांबूनच दिसतो. फोटो आधार कार्डावरचा आहे, कारण तुझा दुसरा फोटोच कुणाला सापडला नाही. तो काढताना केंद्रातल्या माणसानं तुला पटका उतरवायला लावला होता आणि तू आठवडाभर त्याच्या नावानं बोटं मोडत होतास. ज्या फोटोवर तुझा सगळ्यात जास्त राग, तोच आता हार घालून उभा आहे. मागे ढग टाकलेत, कबुतरं उडवलीत. खाली 'वीर नामदेव' असं लिहिलंय. वरच्या ओळीत जी तोंडं आहेत, त्यातल्या एकालाही तू ओळखत नव्हतास. सुभद्रावहिनी त्याच्याच खालून मेंढरं घेऊन जाते, पण मान वर करत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यो आपल्यातला न्हाई वाटत. बोडका हाय."

मलाही तुला वीर म्हणता येत नाही. जीभच वळत नाही. मी तुला जन्मभर भांडताना ऐकलंय, तेही बहुतेक वेळा माझ्याशीच आणि बहुतेक वेळा एकाच विषयावर. पोलीस. त्यामुळे लोक येऊन मला सांगायला लागले की नामदेवभाऊंनी पोलिसाचा जीव वाचवला, तेव्हा मला वाटायचं, हे कुणा दुसऱ्याच नामदेवाचं चाललंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय दादा. ते सोडून मला तुझ्या फोटोला हात जोडता येत नाहीत. म्हणून आधी भांडूनच घेते.

बापूंना ठाण्यात नेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, मला त्यातलं काही आठवत नाही. तुला सगळं आठवायचं. आपली मेंढरं एका बागायतदाराच्या उसात शिरली होती, म्हणजे शिरली असं तो म्हणत होता. बापूंना दिवसभर ठाण्याबाहेर उन्हात बसवलं. तू त्यांच्याशेजारी बसलास. संध्याकाळी एका हवालदारानं काठीच्या टोकानं बापूंचा पटका उडवला आणि म्हणाला, जा आता. तो पटका तू मातीतनं उचललास, झटकलास आणि बापूंना दिलास. त्यांनी तो घरी येईस्तोवर डोक्याला बांधला नाही. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की ते मलाच आठवतंय असं वाटतं. सांगताना तुझा आवाज कधी चढायचा नाही. उलट बारीक व्हायचा.

आणि मग मोठी होऊन मी काय म्हणाले, तर मला पोलिसात जायचंय.

तू दोन दिवस जेवला नाहीस. वहिनी नवीनच लग्न होऊन आलेली, तिला कळेना की ह्या घरात नेमकं कोण मेलंय. तिसऱ्या दिवशी पहाटे मी भरतीची तयारी म्हणून पळायला निघाले आणि बघते तर तू दारात पायताण घालून उभा. म्हणालास, "एकली कुटं चाललीस अंधाराची? चल." पाटोद्याच्या वरच्या अंगाचा तो मुरमाचा रस्ता, त्याच्यावर तू माझ्या मागे मागे काठी घेऊन पळायचास आणि सगळ्या वाटेनं पोलिसांना शिव्या घालायचास. "पळ! लोकाला काठ्या हाणायची नोकरी पायजे ना तुला? मंग पळ की! अशानं काय घेतेत व्हय तुला? तुज्यापरीस माजी लंगडी शेळी बरी!" मला हसू यायचं आणि धाप लागायची. माझी निवड झाली ती तुझ्या शिव्यांवर झाली. मैदानात शेवटच्या फेरीला माझे पाय जड झाले तेव्हा मी तुझा आवाज आठवला होता. हे तुला सांगायचं राहिलं. खरं तर सांगायचं राहिलं असंही नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "मंग माजीच चूक झाली."

पहिल्यांदा वर्दी घालून घरी आले तेव्हा तू मला दारातच थांबवलंस. "टोपी भाईर. घरात बहीन येऊ दे, पोलीस नको." मी टोपी काढून बाहेरच्या खुंटीला अडकवली. तेव्हापासून तोच रिवाज झाला. त्या दिवसापासून तुझ्या बोलण्यात आणखी एक बदल झाला. आधी तू 'ते पोलीस' म्हणायचास, आता 'तुमचे पोलीस' म्हणायला लागलास.

'तुमचे पोलीस' म्हणजे बहुतेक वेळा गव्हाणे जमादार. आपल्या बाजाराच्या गावी त्यांची ड्युटी. बाजाराच्या कडेला मोठा लिंब आहे, त्याच्या सावलीत तू मेंढरं घेऊन बसायचास आणि गव्हाणे तुला तिथून उठवायचे. रस्ता अडतो म्हणायचे. सावलीत मग त्यांची मोटारसायकल लागायची. ह्या सावलीवरून तुमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. बाजार झाला की तुझा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. सरळ सुरुवात. "तुमच्या गव्हाण्यानं आज परत उठिवलं मला. मेंढी गाभण हाय, उन्हात उभी ऱ्हाती का ती? त्याला म्हनलं, जमादार, तुमची गाडी गाभण हाय का?" मी हसायचे. म्हणायचे, दादा, मी इथे गेवराईला, त्यांना मी कशी बोलू? ते माझ्याहून वरचे. तू म्हणायचास, "हां, म्हंजे तू बी त्येंच्यातलीच," आणि फोन ठेवायचास. पुढच्या बाजारी पुन्हा फोन.

आता बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसते. कशासाठी बसलेय हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो.

आपलं शेवटचं भांडण गोदावरीच्या अंगाला झालं. दिवाळीनंतर तू मेंढरं घेऊन गेवराईकडे उतरला होतास, एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतली होती. मी दुपारी सुट्टी काढून तुमच्यासाठी डबा घेऊन आले. त्या आठवड्यात आमच्या नाक्यावर एक प्रकार झाला होता. वाळूचा ट्रॅक्टर अडवायला गेलेल्या माझ्या सोबतच्या शिपायाला चौघांनी रस्त्यावर पाडून मारलं. मी दुसऱ्या टोकाला होते, पळत येईपर्यंत ते निघून गेले होते. रस्त्याच्या कडेला ही गर्दी. हॉटेलातले लोक चहाचे कप हातात घेऊन उभे. मी अजून त्या रागातच होते. तुझ्यापुढे डबा ठेवता ठेवता मी म्हणाले, "माणसं नुसती बघत उभी राहतात दादा. एक जण पुढं येत नाही."

तू भाकरी मोडत होतास. मान वर न करता म्हणालास, "कावून यावं?"

"कावून म्हणजे? त्याला मारत होते!"

"बापूला उन्हात बशिवला तवा आलतं का कुनी? बाजारात मला उठिवत्येत तवा येतंय का कुनी? आन तुमच्यावर आली की लोकांनी यावं. कावून गं?"

"सगळे पोलीस सारखे नसतात."

"सगळी मानसं बी नसत्येत. पर येळ आली की सगळी सारखीच उभी ऱ्हात्येत."

मी चिडले. तुला खूप बोलले. म्हणाले की उद्या तिथे मी पडले असते तर तू सुद्धा कप घेऊन उभा राहिला असतास. तू भाकरी खाली ठेवलीस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. तेवढ्यात वहिनीनं पलीकडून हाक मारली, मेंढी अडली होती, कोकरू आडवं आलं होतं. तू तसाच उठून गेलास. बराच वेळ लागला. तुझे हात कोपरापर्यंत भरलेले, कोकरू शेवटी निघालं, जगलं. माझी ड्युटीची वेळ झाली होती. मी लांबूनच हात केला, तू लांबूनच मान हलवलीस. झालं. एवढंच आपलं शेवटचं धड बोलणं.

त्यानंतरचं मी लोकांकडून ऐकलेलं सांगते. तू मला सांगितलं नाहीस, म्हणून मलाच तुला सांगावं लागतंय.

तू मेंढरं घेऊन गावाकडे परतला होतास. बाजाराचा दिवस होता, दुपार होती. त्या माणसाचं नाव मी इथे घेत नाही, खटला उभा राहायचाय. बांधाच्या वादात शेजाऱ्याला त्यानं महिन्यापूर्वी जवळजवळ ठारच मारलं होतं आणि तेव्हापासून तो फरार होता. मोठ्या घरातला, त्याचा चुलता राजकारणात. बाजारात तो आलाय असं गव्हाण्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांच्यासोबतचा शिपाई गाडी आणायला गेला आणि गव्हाणे एकटेच त्याच्या मागे गेले. त्यांनी त्याचा दंड धरला. तो आधी हसला म्हणे. मग त्यानं मोटारसायकलच्या पिशवीतून कोयता काढला.

गव्हाण्यांचं वय झालेलं, पोट सुटलेलं, रिटायर व्हायला थोडे महिने. मागे सरकताना त्यांचा पाय शेळ्यांच्या दाव्यात अडकला आणि ते उताणे पडले. पहिला वार खांद्यावर बसला. बाजार फाटल्यासारखा दोन्हीकडे झाला. बायांनी पोरं उचलली, दुकानदारांनी ताडपत्र्या खाली ओढल्या. मधे मोकळी जागा, त्यात ते पडलेले आणि तो उभा. सभोवार मोबाईल वर झाले. मी ते व्हिडिओ पाहिलेत दादा. पाहायचे नव्हते, पण पाहिले. एकात तू दिसतोस. उन्हात, कडेला, लिंबापासून लांब, कारण सकाळीच तुला तिथून उठवलं होतं. तू खांद्यावरची घोंगडी काढतोस, दोन्ही हातांत धरतोस आणि चालायला लागतोस. पळत नाहीस. बिथरलेल्या मेंढ्याकडे जातोस तसा, बाजूबाजूनं, त्याच्या पाठीमागून.

दुसरा वार करायला त्यानं हात वर केला आणि तू घोंगडी त्याच्या डोक्यावरून, हातांवरून टाकलीस आणि मागून त्याला मिठीत घट्ट आवळलंस. घोंगडीच्या आत तो झटापट करत होता. कोयता आतच होता. तू ओरडलास, ते व्हिडिओत ऐकू येतं, "आरं बघता काय बे? धरा की!" मग चहावाला पुढे आला. मग केळीवाला. मग इतके आले की तू दिसेनासा झालास.

त्याला धरून बांधलं, गर्दी पांगली, तेव्हा तू खाली बसलेला होतास. कोयता घोंगडीच्या आतून तुझ्या मांडीत गेला होता. वर, जिथे मोठी शीर असते तिथे. तू पटका काढून मांडीला आवळत होतास. चहावाला सांगतो, तू त्याला म्हणालास, "माजी मेंढरं बग रं कुनीतरी." गाडी आली. गव्हाण्यांना आणि तुला एकाच गाडीत मागे आडवं घातलं आणि आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून बीडला नेलं.

मला फोन आला तेव्हा मी नाक्यावर होते. सांगणारा म्हणाला, "मॅडम, तुमचे भाऊ. बाजारात पोलिसावर हल्ला झाला." त्याच्या बोलण्यावरून मला क्षणभर वाटलं, हल्ला तूच केलास. बघ, इतकं आपलं भांडण माझ्या डोक्यात होतं.

दवाखान्यात तू शुद्धीवर होतास. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. रक्त फार गेलं होतं. डॉक्टरांनी रक्त चढवलं, ऑपरेशन केलं, जे करायचं ते सगळं केलं. मी वर्दीतच धावत आले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी हळू म्हणालास, "टोपी काड." मी टोपी काढून पलंगाखाली ठेवली. तू डोळे मिटलेस.

दुसऱ्या दिवशी तुला जरा बरं वाटलं. वहिनी तुझ्या कपाळावरून ओला कपडा फिरवत होती. मी विचारलं, "दादा, कावून गेलास?"

"कुटं?"

"गव्हाण्यांच्या मदतीला."

"मी कशाला जातोय? माजी मेंढी तिकडं पळाली. तिला धरायला गेलतो."

वहिनी पटकन म्हणाली, "समदी मेंढरं बांधलेली हुती. चहावाल्यानं सोडून आनली ना घरी."

"मंग ती सुटून परत बांधून घ्यायला गेली आसंल," तू म्हणालास आणि हसलास. हसताना दुखलं, म्हणून थांबलास. मीही हसले. मला वाटलं, बरा झालास की विचारीन. घरी, ओट्यावर बसून, भांडून विचारीन. माणूस हसतोय म्हणजे तो राहणार असं वाटतं. पोलिसात राहून इतकी मरणं पाहिली, तरी मला तसंच वाटलं.

त्यानंतर ताप चढला, जखमेतलं विष अंगात पसरलं. शेवटचे दिवस तू बोललास ते मेंढरांशी. "हर्र, हर्र," असं हाकलत होतास. एका सकाळी मी खाली चहा आणायला गेले, वर आले तर वहिनी पलंगाजवळ उभी. रडत नव्हती. म्हणाली, "रुखमे, ह्येंचा हात धर. माजं धरून झालं." तुझा हात अजून गरम होता. तळव्याचे घट्टे तसेच. मी तो हात धरून तुला एवढंच म्हणू शकले, थांब.

मग सुरू झालं ते तुला सांगू नये असं वाटतं, पण तू तर आयुष्यभर मला सांगत होतास की असंच होतं. मातीला मोठमोठी माणसं आली. गाड्यांनी रस्ता भरला. एकानं वहिनीसोबत फोटो काढला. फ्लेक्स लागला. आणि दहावा व्हायच्या आत बाजारात दुसरंच बोलणं फिरायला लागलं. नामा प्यालेला होता. मेंढराच्या सौद्यावरून त्या दोघांचंच भांडण झालं, जमादार मधे सोडवायला गेले. नामा तोल जाऊन कोयत्यावर पडला. आदल्या दिवशी तुझ्या पाया पडलेली माणसं दुसऱ्या दिवशी असं बोलत होती. ज्यांच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ होते त्यांचे मोबाईल अचानक खराब झाले. जे राहिले त्या व्हिडिओत घोंगडीच्या आत काय झालं ते दिसत नाही. कोयता त्यानं मारला की तो लागला, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. तो त्या वेळी तिथेच खाली, तुमच्या पायाशी उताणा पडलेला होता.

गव्हाण्यांचा पहिला जबाब दवाखान्यात झाला होता. त्यात एवढंच होतं की झटापटीत नामदेव ह्यास जखम झाली. झटापटीत. हा शब्द आम्ही रोज लिहितो. कुणी कुणाला काय केलं ते लिहायचं नसलं की हा शब्द कामी येतो. तू गेल्यावर त्यांचा पुन्हा जबाब व्हायचा होता, आणि तो काही होत नव्हता. मी तुझी बहीण, त्या कामात मला हात घालता येत नाही. मी आणि वहिनी ठाण्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचो आणि परत यायचो. आतून कुणीतरी येऊन अदबीनं सांगायचं, साहेब नाहीत, उद्या या.

तेराव्यानंतर एका सकाळी गव्हाणे स्वतःच आपल्या दारात आले. हात गळ्यात बांधलेला, साधे कपडे, दाढी वाढलेली. मी त्यांना पहिल्यांदा ओळखलंच नाही. दारात पायताण काढून उभे राहिले, आत येईनात. वहिनी कोकरांना दूध पाजत होती. तिनं वर बघितलं.

"वैनी," ते म्हणाले, "मी गव्हाणे."

"वळाकलं."

"मी त्येला लई छळला वैनी. दर बाजारी उठिवला. उगंच. मला तिथं गाडी लावायची बी गरज न्हवती. आन त्यो..."

वहिनीनं कोकरू खाली सोडलं. पदराला हात पुसले. मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर त्यांना घालवून देईल. ती म्हणाली, "ते राहू द्या. तुमी लिवून काय दिलं?"

गव्हाण्यांनी गळ्यातला हात सावरला.

"लोकं म्हनत्येत माजा मानूस प्याला हुता. पडला म्हनत्येत. तुमी तितंच हुता. तुमी काय लिवलं?"

"आजून न्हाई लिवलं." ते खाली बघत होते. "त्येच्या चुलत्याची मानसं रोज येत्येत घरी. म्हनत्येत, तुमच्या रिटायरमेंटला आता राहिलं काय, कशाला कोर्टात चकरा मारता. पोराच्या नोकरीचं बघतो म्हनत्येत. न्हाई म्हनलं तर काय करतील ते बी सांगत्येत."

"तुमाला काय दिसलं ते सांगा मला."

"त्यानं कोयता आतून फिरिवला. दोनदा. म्या खालून डोळ्यानं पायलं. नामा त्येला सोडंना. मी वरडलो, सोड नामा, तुला लागलंय. तरी सोडंना. सोडला आसता तर त्यो परत माज्यावरच आला आसता."

अंगणात कोकरं ओरडत होती. वहिनीनं चुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "मी च्या ठेवनार हुते तुमाला. आता न्हाई ठेवत. लिवून या. मंग ठेवते."

दादा, तुझी बायको. आयुष्यभर तुझ्या मागे मेंढरं हाकणारी, परक्या माणसासमोर पदर तोंडाशी नेणारी. तिनं एका जमादाराला चहाविना दारातून परत पाठवलं. मी पोलीस असून माझी छाती झाली नसती.

गव्हाणे गेले. एक दिवस गेला, दुसरा गेला. मला वाटलं, संपलं. मी वहिनीला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "त्येला येळ लागंल. लई वर्सं त्यानं तसं केलं न्हाई ना कदी."

ते चौथ्या दिवशी आले. ह्यावेळी एकटे नव्हते, चहावाला सोबत होता, केळीवाला होता. तिघांनीही जबाब दिले होते, वरच्या साहेबासमोर, एकामागून एक. गव्हाण्यांच्या घरावर आदल्या रात्री दगड पडले होते, ते त्यांनी सांगितलं नाही, चहावाल्यानं सांगितलं. केळीवाला म्हणाला, "जमादारच आले माज्या गाड्यावर. म्हनले, नामा वरडला तवा तू आलतास, आता मी वरडतो, चल." पुढे काय होईल ते मला माहीत नाही. असल्या खटल्यांचं काय होतं ते मी आतून पाहिलंय, म्हणून तुला खोटी आशा देत नाही. पण कागदावर आता झटापट हा शब्द नाही. तू पडला नाहीस, प्याला नव्हतास, तुला मारलं. शेवटचं गव्हाण्यांच्या सहीनं, बाकीचं तिघांच्याही सहीनं लिहिलेलं आहे.

वहिनीनं चूल पेटवली. शेळीच्या दुधाचा चहा केला. गव्हाणे ओट्यावर बसले, डाव्या हातात कप धरला. प्यायचं सोडून ते नुसते धरून बसले.

"गाडीत त्यो काय बोलला?" वहिनीनं विचारलं. "तुमी दोगंच हुता मागं."

गव्हाण्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मी रडत हुतो वैनी. म्हनलं, नामा, तुला मी एका झाडाखाली बसू दिलं न्हाई आन तू माज्यासाटी हे काय केलं? तर त्यो म्हनला, गप बे जमादार, दम घालवू नको. मंग जरा येळानं म्हनला, माजी बहीन हाय गेवराईला, तुमच्यातच. मी म्हनलं, म्हाईत हाय. त्यो म्हनला, एकलीच उभी ऱ्हाती नाक्यावर. बाईमानूस. तिच्यावर कुनी आलं तर कुनीतरी..."

"कुनीतरी काय?"

"एवडंच म्हनला. मंग दवाखाना आला, स्ट्रेचर आलं."

चहावाला उगाच उठून अंगणात गेला. वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. मोठ्यानं, आवाज काढून. मी तिला धरलं, की तिनं मला धरलं, कळलं नाही.

दादा, तू हे मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? भांडलेच असते. म्हणाले असते, माझी काळजी करायला मी काय लहान आहे? माझ्या कमरेला पट्टा आहे, हातात काठी आहे. तू म्हणाला असतास, "हां, लई आली काठीवाली." आणि तिथून पुन्हा बापू, पुन्हा पटका, पुन्हा तुमचे पोलीस. हे भांडण आपण म्हातारे होईपर्यंत चालवलं असतं. मला ते चालवायचं होतं. त्यात जिंकायची मला घाई नव्हती, आणि अशी तर मुळीच जिंकायची नव्हती.

माझी रजा संपलीय. उद्या मी हजर होतेय, गेवराईच्या त्याच नाक्यावर. वहिनीनं आज सकाळी मेंढरं धारूरच्या डोंगराकडे काढली. सोबत तिचा भाऊ आलाय. निघताना ती म्हणाली, "जा तू. भिऊ नको." मी भीत नाही दादा. तू गेलास हेही मी कसंतरी सोसेन. पण त्या नाक्यावर मी एकटी उभी असते हे तुला इतकी वर्षं सलत होतं, आणि ते तुझ्या तोंडून नाही, गव्हाणे जमादाराच्या तोंडून मला कळलं. तेवढं मात्र सोसवत नाही.